मुठीतला पापा आणि राहून गेलेली पानं

पत्राचा सारांश : ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या एका आईने लिहिलं आहे. मुलगा चार वर्षांचा, जूनपासून ज्युनिअर केजीत. शाळा सुरू होण्याआधी मैत्रिणीने त्याला 'द किसिंग हँड' हे इंग्रजी चित्रपुस्तक दिलं. शाळेत जायला घाबरणारं रकूनचं पिल्लू आणि त्याच्या तळहातावर पापा देऊन 'हा जपून ठेव' म्हणणारी त्याची आई, अशी ती गोष्ट. मुलाला ती इतकी आवडली की रोज रात्री तीच हवी. आई मराठीत सांगत वाचते. आई पापा देते त्या पानापर्यंत येईस्तोवर त्याचे डोळे मिटतात आणि पुस्तक बंद होतं. शाळेच्या फाटकाशीही पापा सुरू झाला. जुलैत मुलगा शाळेत चांगला रुळला होता, पण गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा रडतो. आधी एक पापा पुरायचा. मग दोन्ही हातांना, मग कोपरांना, मग 'परत पहिल्यापासून'. पंधरा-वीस मिनिटं त्यात जातात आणि ऐरोलीची गाडी चुकते. वडील म्हणतात, पुस्तकच माळ्यावर टाका. आजी म्हणतात, एकच गोष्ट ऐकून पोर हट्टी झालंय. आजींना इंग्रजी वाचता येत नाही, त्या आपल्या मनाने सांगू लागल्या की तो 'असं नाहीये!' म्हणून ओरडतो. त्यात पापाचं पान फाटलंय. लावलेली सेलोटेप पावसाळ्यात चिकचिकीत होऊन शेजारच्या पानाला चिकटते. 'पुस्तक बंद करू, की नवीन आणून गपचूप बदलू?'

ताई, पुस्तक माळ्यावर टाकू नका आणि गपचूप बदलूही नका. तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. पापाच्या पानापर्यंत येईस्तोवर त्याचे डोळे मिटतात. म्हणजे तुमच्या मुलाने हे पुस्तक कितीतरी रात्री ऐकलं, पण दर वेळी अर्धंच.

ऑड्री पेन यांनी लिहिलेलं, रूथ हार्पर आणि नॅन्सी लीक यांनी रंगवलेलं हे पुस्तक १९९३ सालचं. पहिल्या भागात चेस्टर, म्हणजे ते रकूनचं पिल्लू, रडवेला आहे, त्याला घरीच राहायचंय. आई त्याचा डावा पंजा उघडते, मधोमध पापा देते आणि सांगते, एकटं वाटलं की हा हात गालाला लाव. तुमच्या घरी गोष्ट इथे संपते. पुस्तकात ती पुढे जाते. रकून निशाचर, त्यामुळे शाळाही रात्रीची. शाळेत शिरण्याआधी चेस्टर आईचा हात मागून घेतो, तिच्या तळव्यावर आपला पापा ठेवतो आणि आपल्या पायांनी निघून जातो. मागे राहिलेली आई तो हात गालाला लावते. गोष्टीची सगळी ताकद या शेवटच्या पानांत आहे. घेणारं पोर तिथे देणारं होतं आणि निरोपही तेच घेतं. तुमच्या मुलाच्या वाट्याला हे कधी आलंच नाही. तो रोज 'आई देते, मी घेतो' एवढ्यावर झोपतो आणि सकाळी फाटकाशी तेवढंच करतो. ज्याला फक्त घ्यायचं ठाऊक आहे, तो अजून एक मागणारच. त्यात हट्ट मला दिसत नाही.

पुस्तकामुळे रडणं सुरू झालं, हे त्याच्या बाबांचं म्हणणंही एकदा तपासून बघा. जुलैत तो रुळला होता तेव्हा हेच पुस्तक रोज रात्री उशाशी होतंच. मधल्या काळात बदलल्या त्या दोन गोष्टी. दहा-बारा दिवस घर भरलेलं होतं, सगळी माणसं सतत डोळ्यांसमोर होती, आणि मग एका सोमवारी ते सगळं थांबलं. आणि फाटकाशी पापांची संख्या वाढू लागली. मोठ्या सुट्टीनंतर लहान मुलं पुन्हा पहिल्या दिवसासारखी रडतात, हे बालवाडीच्या कोणत्याही बाई सांगतील. दिवाळीनंतरही थोडं होईल, तेव्हा घाबरून जाऊ नका.

आता वाचण्याबद्दल. पहिले काही दिवस हे पुस्तक रात्रीचं काढून दुपारचं करा. शनिवार-रविवारी चारच्या सुमाराला, झोप झालेली, पोट भरलेलं, आणि बसायचं जमिनीवर किंवा खुर्चीत, अंथरुणात नको. अथपासून इतिपर्यंत न घाईने वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात. पहिल्या वेळी एकही प्रश्न विचारू नका, फक्त शेवटापर्यंत जा. दुसऱ्या वेळी चेस्टर आईचा हात मागतो त्याच्या आधीचं पान उलटण्यापूर्वी थांबा आणि विचारा, 'आता हा काय करेल?' मनात पाच अंक मोजा. चार वर्षांच्या मुलाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो, आणि बहुतेक मोठी माणसं दोन अंकांतच स्वतः उत्तर देऊन टाकतात. तो काही बोलला की त्याच्याच शब्दांत एक-दोन शब्द घाला. तो म्हणाला 'पापा', तुम्ही म्हणा, 'हो, आईच्या हातावर पापा.' मुलाला बोलतं करणाऱ्या या वाचनाचा अभ्यास ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. पालकांनी नुसतं वाचण्याऐवजी विचारलं, थांबलं आणि मुलाचं वाक्य वाढवलं, तर मुलांची भाषा वाढते, असं त्यांना दिसलं. फक्त प्रश्नांचा भडिमार करू नका. एका वाचनात तीन पुरेत. दर पानाला 'हा कोणता रंग, हे किती' सुरू झालं की गोष्ट मोडते आणि परीक्षा सुरू होते, मग मूल पुस्तक हिसकावतं.

रात्री त्याने पुस्तक मागितलं तर नाही म्हणू नका, मधल्या पानापासून उघडा. 'पहिल्यापासून!' असं तो म्हणेलच. 'पहिलं दुपारी झालं, रात्री शेवट' एवढंच म्हणायचं आणि वाचायला लागायचं. आठवड्याच्या दिवशी दुपारचं वाचन तुम्हाला जमणार नाही, ते आजींकडे जातं, आणि तिथे मराठीचा प्रश्न येतो.

आजींना माझ्या वतीने एक सांगा. 'असं नाहीये' म्हणणारं मूल उद्धट नसतं. आरतीत कुणी एक शब्द बदलला तर घरातली सगळी माणसं चमकून बघतात ना, तसंच हे. पुढचा शब्द आपल्याला माहीत आहे आणि तो तस्साच येतोय, यातच त्या वयाला धीर मिळतो. तेच तेच ऐकण्याने नुकसानही होत नाही. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. आठवडाभर त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना नवे शब्द चांगले लक्षात राहिले. दर वेळी वेगळी गोष्ट ऐकणारी मुलं त्या शब्दांत मागे पडली, जरी दोघांनी ते शब्द सारखेच वेळा ऐकले होते.

तेव्हा अडचण पुनरावृत्तीची नाही. तुमची मराठी एक, आजींची दुसरी, आणि पानावर तिसरीच भाषा, हे त्याला जड जातंय. एका संध्याकाळी दोघींनी बसून एकच मराठी मजकूर ठरवा, तोही लिहून. दर पानाला दोन ओळींपेक्षा जास्त नको, चित्र बाकीचं सांगतं. शब्द तोंडात बसणारे घ्या. 'आई तुझ्यावर प्रेम करते' हे डबिंगच्या सिनेमातलं मराठी झालं. आपल्या घरांत तसं कुणी बोलत नाही, आणि आजी ते म्हणताना अडखळतीलच. 'आईचा जीव तुझ्यात' म्हणा. पुस्तकाच्या नावाचं 'चुंबन हात' तर मुळीच करू नका. 'मुठीतला पापा' मला आवडतं, कारण मूठ मिटली की तो आत राहतो हे मुलाला हाताने कळतं. तुमच्या मुलाला याहून चांगलं सुचलं तर त्याचंच ठेवा.

रकूनला मात्र रकूनच राहू द्या, त्याचं मांजर करू नका. तो उत्तर अमेरिकेतला प्राणी, आपल्याकडे जंगलात नाही. आजींना ओळखीचं काही हवं असेल तर येऊरच्या बाजूला रात्री फिरणारं उदमांजर सांगता येईल: 'हा त्याच्यासारखाच रात्री जागणारा, पण लांबच्या देशातला.' आणि एक गोष्ट मुलाला नक्की सांगा. रकूनचे पुढचे पंजे फार हळवे असतात. पाण्याखाली, अंधारात, न बघता नुसत्या स्पर्शाने तो खाणं शोधतो. जगाची ओळख तळव्याने करून घेणाऱ्या प्राण्याच्या तळव्यावर आई पापा ठेवते, हे कळलं की त्या चित्राकडे बघण्याची नजर बदलते. मुलाचीही आणि आपलीही.

ठरलेल्या ओळी साध्या कागदाच्या पट्ट्यांवर लिहा. पट्टी दीड-दोन सेंटिमीटर रुंद, अक्षर ठसठशीत, आजी चष्म्याने लांबून वाचू शकतील असं. इंग्रजी ओळींच्या खाली, चित्र न झाकता, ग्लू स्टिकने फक्त दोन टोकांना चिकटवा. पातळ डिंक किंवा पांढरा गोंद पट्टीभर लावला तर त्यातल्या पाण्याने गुळगुळीत कागद फुगतो आणि पान कायमचं लहरी होतं. इंग्रजी ओळी झाकू नका. पुढे दोन-तीन वर्षांनी तो त्या स्वतः वाचेल, तेव्हा खालची मराठी त्याला हात देईल.

फाटकाशी काय करायचं, हा तुमचा सगळ्यात तातडीचा प्रश्न. तिथे पापा वाढत का गेला ते आधी समजून घ्या. तो रडला की एक पापा जास्त मिळतो. रोज मिळत नाही. कधी तुम्ही घाईत असता तेव्हा मिळत नाही, कधी मन विरघळतं तेव्हा मिळतो. कधी मिळेल याचा नेम नसला की मागणं आणखी चिवट होतं, कारण थोडं जास्त रडलं तर मिळेलच अशी आशा राहते. शिवाय फाटकाशी तो घाबरलेला, तुम्ही घड्याळाकडे बघणाऱ्या, मागे व्हॅनचा हॉर्न. अशा जागी निरोप लांबला की त्याला एकच कळतं: आईलाही ही जागा बरोबर वाटत नाहीये.

म्हणून पापा घरी आणा. चपला घालायच्या आधी, दाराच्या आत, रोज त्याच जागी. तुम्ही त्याच्या तळव्यावर एक, तो तुमच्या तळव्यावर एक, दोघांनी मूठ मिटायची, झालं. मिनिटभरही लागत नाही. त्याचा पापा घेतल्याशिवाय दार उघडू नका, तोच नवा आणि महत्त्वाचा भाग आहे. फाटकाशी फक्त मिटलेली मूठ दाखवायची आणि ठरलेलं एक वाक्य बोलायचं: 'डबा, खेळ, गाणी, मग आजी.' 'साडेबाराला येते' याचा चार वर्षांच्या मुलाला काही अर्थ नसतो, एकामागून एक काय होणार तेवढं कळतं. वाक्य बोलून झालं की बाईंच्या हातात हात द्या आणि वळा. तो खेळण्यात गुंतला म्हणून न सांगता सटकू नका. त्या दिवशी सोपं जातं, पण दुसऱ्या दिवशीपासून तो एक क्षण तुमच्यावरची नजर हलवत नाही.

हे अचानक सुरू करू नका. रविवारी घरात खेळून बघा: टेडी शाळेत जातोय, मुलगा आई झालाय. सोमवारी बाईंना आधी सांगून ठेवा आणि त्याला आत शिरताच एक छोटं काम द्यायला सांगा, हजेरीपट टेबलावर नेऊन ठेवणं, फुलझाडाला पाणी, काहीही, हात गुंतले पाहिजेत. पहिले दोन-तीन दिवस रडणं वाढेल, कारण जुना उपाय चालेनासा झाला की मूल तो आणखी जोरात करून बघतं. नेमकं इथेच बरेच पालक हार मानतात. बुधवारी 'आज एकच' म्हणून दिलेला पापा तुम्हाला पुन्हा पहिल्या दिवसावर नेतो. आठवड्यात दोन दिवस बाबांनी सोडावं. पापा तुमच्या एकटीच्या हातातला राहिला, तर तुम्ही आजारी पडलात त्या दिवशी घोटाळा होईल.

बाईंना रोज एकच प्रश्न विचारा आणि आकडा कागदावर लिहा: मी गेल्यावर किती मिनिटं रडला? पाच-सात मिनिटांत थांबून तो खेळत असेल, तर तुम्ही ऐरोलीपर्यंत गाडीत बसून जे रडणं मनात ऐकत असता ते तिथे केव्हाच संपलेलं असतं. चार आठवडे नीट पाळूनही तो तासभर रडत असेल, सुट्टीच्या दिवशीही पोट दुखतं म्हणत असेल, घरातही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत एकटा जात नसेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मग लागेल तसं बालसमुपदेशकांकडे जा. तिथे जाण्यात कमीपणा काहीच नाही.

या पुस्तकात एक गोष्ट मात्र नाही. चेस्टर शाळेत जातो, परत आलेला दिसत नाही. तुमच्या मुलाला तेच हवं आहे, म्हणून उरलेली पानं तुम्ही घरी बनवा. ए-फोर आकाराचे चार कागद घ्या, शंभर ते एकशेवीस जीएसएमचे (म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन). कार्डपेपर नको, तो घडीवर तडकतो. चारही एकात एक ठेवून मधोमध घडी घाला, सोळा पानं होतात. घडीवर एक भोक मधोमध, दोन भोकं दोन्ही टोकांपासून तीन-तीन सेंटिमीटर आत. साठ सेंटिमीटर लांबीचा जाड दोरा घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या आत खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणा. आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं येतील, त्यांची गाठ मारा. आतल्या पानांच्या कडा थोड्या बाहेर येतात, त्या शिवून झाल्यावरच कापा. आधी कापल्या तर वेड्यावाकड्या होतात.

त्यात त्याची शाळा येऊ द्या. दारातली मूठ, फाटक, हजेरीपट, डब्यातला शिरा, पावसात भिजलेली घसरगुंडी, आणि शेवटच्या दोन पानांवर फाटकाबाहेर छत्री घेऊन उभ्या आजी. चित्रं त्यानेच काढावीत, मग ती ओळखू आली नाहीत तरी चालेल. ओळी तो सांगेल तशाच लिहा, व्याकरण सुधारू नका. आजींना हे पुस्तक सहज वाचता येईल, आणि 'असं नाहीये' म्हणायचं झालं तर या पुस्तकापुरता तो अधिकार खरंच त्याचा आहे.

दुसरी पुस्तकं घरात असू द्यात, आग्रह न करता नुसती शेजारी ठेवून. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं आहेत. तो स्वतःहून हात घालेल तेव्हा घालेल.

राहिलं ते फाटलेलं पान. गुपचूप नवीन आणलंत तर त्याला ते पहिल्या मिनिटात कळेल, डाग आणि दुमडलेले कोपरे त्याला पाठ असतात. 'माझं लक्ष नसताना गोष्टी बदलतात' हेच त्यातून तो शिकेल, आणि फाटकाशी सध्या तीच भीती आहे. दुरुस्त करा, त्याच्यासमोर.

सेलोटेप ओढून काढू नका, छपाई तिच्याबरोबर निघते. हेअर ड्रायर कमी गरमीवर, वितभर लांबून वीस-तीस सेकंद धरा. डिंक मऊ झाला की टेप पानाला जवळजवळ समांतर, हळूहळू सोडवा. रंग उचलला जातोय असं दिसलं तर तिथेच थांबा, टेप राहू द्या आणि तिच्या कडांवर चिमूटभर टाल्कम पावडर चोळा, चिकटणं थांबेल. मग एक चमचा मैदा पाच चमचे थंड पाण्यात कालवून मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळा. खळ पारदर्शक दिसू लागली की उतरवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. ठिगळासाठी पांढरा पतंगाचा कागद घ्या आणि तो कापण्याऐवजी फाडा, म्हणजे कडा तंतूदार राहतात आणि पानात मिसळतात. पट्टी सेंटिमीटरभर रुंद पुरते. फाटलेल्या कडांवर पांढरी किनार दिसते, ती कोणत्या बाजूची कुठल्यावर बसते ते आधी कोरडंच जुळवून बघा. उलटी बसली तर चित्रात पांढरी रेघ कायमची राहते. खळ बोटाने अगदी पातळ लावा. जास्त झाली तर पान सुरकुततं, आणि आपल्या दमट हवेत बुरशी धरते, कसर आणि झुरळंही येतात. ठिगळ चित्राच्या बाजूने लावू नका, मागून लावा. पानाच्या दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवून पुस्तक मिटा, वर दोन जाड पुस्तकांचं वजन, आणि या दिवसांत पूर्ण चोवीस तास तसंच ठेवा.

कडा जुळवणं तुमचं काम, पट्टी फाडणं आणि बोटाने दाबणं त्याचं. दुसऱ्या दिवशी बटर पेपर सोडवायलाही त्यालाच द्या, तुम्ही फक्त पान धरा.